सौम्य धक्के : एक प्रस्तावना

नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू-तलासरीच्या पट्ट्यात जमीन हलू लागली. धुंदलवाडीच्या आसपासच्या पाड्यांवर लोक रात्री घरात झोपेनासे झाले. ऐन थंडीत लेकराबाळांसह अंगणात, ताडपत्रीखाली रात्री निघू लागल्या. इकडे बोईसरला आमच्या इमारतीत फार तर मांडणीवरची भांडी वाजायची. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात ठरलेला मथळा असायचा, पालघर जिल्ह्यात भूकंपाचे सौम्य धक्के. ज्याच्या भिंतीला तडा गेला त्याला हे विशेषण कसं लागलं असेल, असं तेव्हा मनात यायचं. हाच शब्द मोर्चाच्या बातमीतही भेटतो. पोलिसांनी ‘सौम्य लाठीमार’ केला, असं छापून येतं. लाठी खाणाऱ्याला विचारून हा शब्द कुणी लिहीत नाही. तो लाठी मारणाऱ्याच्या बाजूने ठरतो.

आणि हाच शब्द आमच्या मराठी बायबलात, मत्तयाच्या पाचव्या अध्यायात, डोंगरावरच्या प्रवचनाच्या अगदी आरंभी बसलेला आहे. येशू ज्या माणसांना धन्य म्हणतो त्यांत एक ओळ सौम्य माणसांची आहे. पृथ्वी त्यांच्या वाट्याला येईल, असं त्या ओळीचं म्हणणं. लहानपणी वसईकडच्या आमच्या गावात धर्मशिक्षणाच्या तासाला मी ती घोकली, तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर गावातला एक खालमानेचा, कुणाशी न भांडणारा म्हातारा यायचा. त्याची जमीन भावाने लाटली होती. म्हणजे बायबल एक सांगत होतं आणि गाव दुसरंच दाखवत होतं. पुढे पोटापाण्यासाठी बोईसरला आलो, नोकरी झाली, केस पिकले. पण त्या ओळीचं आणि त्या म्हाताऱ्याचं गणित जुळलं नाही ते नाहीच.

हे टिपणांचं पुस्तक त्या न जुळलेल्या गणितातूनच आलेलं आहे. बोईसरला महिन्यातून एका रविवारी आम्ही काही जण एकत्र बसतो. कोणी कॅथलिक, कोणी प्रोटेस्टंट, दोघं-तिघं कुठल्याच चर्चच्या वहीत नाव नसलेले. कोणी अणुशक्ती केंद्रातून निवृत्त झालेलं, कोणी एमआयडीसीत शिफ्ट करणारं, कोणी तलासरीकडून येऊन इथे भाड्याने राहणारं. एक विषय घ्यायचा आणि तो संपेपर्यंत सोडायचा नाही, एवढाच नियम. सौम्यता हा विषय तीन महिन्यांत उरकेल असं वाटलं होतं; दोन वर्षं पुरला. त्याचं कारण दुसऱ्याच बैठकीत एका पोराने विचारलेला प्रश्न.

हा पोरगा एका केमिकल कंपनीत ठेकेदाराकडे हेल्पर होता. रात्रपाळी करून आला होता, कपड्यांना तो ओळखीचा वास. तो म्हणाला, “ठेकेदार सांगतो, शांत राहा, मान वर करून बोलू नको, जे मिळतं त्यात खूश राहा. चर्चमध्येही मला तेच सांगतात. मग ठेकेदारालाच पास्टर का करत नाही?”

सगळे हसले. मग कुणालाच बोलता येईना. या पुस्तकातली टिपणं म्हणजे त्या पोराला दिलेलं उत्तर आहे, असं मी म्हणणार नाही. पण प्रत्येक टिपण लिहिताना तो समोर बसला आहे असं धरून लिहिलं, एवढं खरं.

आधी शब्दांचं पाहू, कारण निम्मा घोटाळा शब्दांनीच केलेला आहे. मराठीतला ‘सौम्य’ सोमावरून आला. सोम म्हणजे चंद्र. चांदण्यासारखा, शीतल, न भाजणारा. सुंदर शब्द आहे, पण त्यात कण्याचा पत्ता नाही. मूळ ग्रीकमध्ये जिथे हा शब्द येतो तिथे ‘प्राउस’ आहे, आणि त्याला कणा आहे. अॅरिस्टॉटलने आपल्या नीतिशास्त्राच्या चौथ्या भागात या गुणाची जागा रागाच्या दोन टोकांमध्ये ठरवली आहे. एकीकडे उठसूट भडकणारा, दुसरीकडे ज्याला रागच येत नाही असा. योग्य गोष्टीसाठी, योग्य माणसावर, योग्य वेळी आणि योग्य तेवढाच रागावतो तो प्राउस. ज्याला रागवायला हवं तिथेही राग येत नाही त्याला अॅरिस्टॉटल मूर्ख समजतो, आणि आपला किंवा आपल्या माणसांचा अपमान मुकाट गिळणं हे त्याच्या मते गुलामाचं लक्षण. झेनोफनने घोडेस्वारीवर लिहिताना हाच शब्द माणसाळलेल्या शिंगरासाठी वापरला. त्यावरून ‘सौम्य म्हणजे लढाईचा शिकवलेला घोडा’ अशी एक गोष्ट प्रवचनांतून फार ऐकू येते. ती ऐकायला जोरदार आहे. पण झेनोफनच्या त्या वाक्यात लढाई नाही, तबेला आहे. आपल्याकडे त्यापेक्षा बैलाचं उदाहरण चांगलं चालेल. जू मानेवर घेणाऱ्या बैलाच्या अंगात ताकद कमी असते असं कोणताही शेतकरी म्हणणार नाही.

पण येशू काही अॅरिस्टॉटल वाचून डोंगरावर चढला नव्हता. ती ओळ त्याने सदतिसाव्या स्तोत्रातून उचलली, आणि तिथे हिब्रूत शब्द आहे ‘अनावीम’. त्यात वाकलेले, दबलेले, ज्यांना कुणी वाली नाही असे लोक येतात. ते स्तोत्र वाचलं तर ते चक्क जमिनीबद्दल आहे. दुष्ट माणसं माजलेली दिसतात, तलवारी उपसतात, गरिबाला पाडतात. तू जळफळू नकोस, जमीन अखेर दबलेल्यांकडेच येणार आहे, असा त्याचा सूर. म्हणजे या एका शब्दात दोन प्रवाह येऊन मिळाले. एक ग्रीक, रागावर ताबा असलेल्या माणसाचा. दुसरा हिब्रू, ज्याच्याकडे ताबा ठेवण्यासारखं काहीच उरलेलं नाही अशा माणसाचा. आमचा ‘सौम्य’ या दोन्हींच्या वरून, चंद्रासारखा, निघून जातो.

भाषांतरकारांनी त्याच ओळीत दुसरा एक शब्द मात्र नेमका बसवला आहे. पृथ्वीचं काय मिळणार, तर ‘वतन’. मराठी माणसाला वतन म्हणजे काय हे समजावून सांगावं लागत नाही. पाटलाचं वतन, देशमुखाचं वतन, आणि गावाची हलकी कामं पिढ्यान्‌पिढ्या करायला लावणारं महाराचंही वतन. ते शेवटचं कायद्याने जायला १९५८ साल उजाडलं. वतनासाठी भाऊ भावाच्या जिवावर उठलेला आपण इतिहासात वाचतो. ते वतन, तेही साऱ्या पृथ्वीचं, कागद नसलेल्या माणसाला मिळणार असं कोणी म्हणत असेल, तर ते मवाळ बोलणं नव्हे. कचेरीत ऐकलं असतं तर मामलेदार दचकला असता.

आणखी एक गोष्ट व्याकरणाची आहे, आणि माझ्या मते सगळं तिच्यावर उभं आहे. ती ओळ आज्ञार्थी नाही. येशू ‘सौम्य व्हा’ असं तिथे म्हणत नाही. समोर जे बसले आहेत, गालीलातले कोळी, शेतकरी, करांनी पिचलेले, त्यांच्याकडे बघून तो त्यांचं अभिनंदन करतो आहे. अभिनंदन आणि उपदेश यांतलं अंतर लक्षात घेतलं की त्या हेल्परच्या प्रश्नाचा एक पदर सुटतो. ठेकेदार सौम्यता मागतो. येशू ती मागत नाही. ज्यांच्याकडून जगाने सगळं मागून घेतलं त्यांना तो काही देऊ करतो. सौम्यता दुसऱ्याकडून मागता येत नाही. स्वतःच्या हातात काठी असताना स्वतःला सांगायची ती गोष्ट आहे. काठी हातात धरून समोरच्याला सांगितली, तर तिला दुसरं नाव द्यावं लागेल.

आता गालाची गोष्ट. उजव्या गालावर मारलं तर दुसराही पुढे कर, या वाक्याने ख्रिस्ती माणसाची जेवढी चेष्टा झाली तेवढी दुसऱ्या कशाने झाली नसेल. वॉल्टर विंक या अमेरिकी अभ्यासकाने त्यातल्या ‘उजव्या’ शब्दाकडे बोट दाखवलं. समोर उभा असलेला माणूस उजव्या हाताने तुमच्या उजव्या गालावर मारतो तेव्हा तो हाताच्या पाठीने मारतो. ती मारामारी नसते. मालकाने नोकराला, वरच्याने खालच्याला त्याची जागा दाखवणं असतं. अशा वेळी जो डावा गाल पुढे करतो तो म्हणतो, आता मार, पण बरोबरीच्या माणसाला मारतात तसा मार. विंकचं सगळंच मला पटतं असं नाही, कधीकधी तो फारच चतुराई करतो. पण योहानाच्या शुभवर्तमानात या वाक्यावरचं खुद्द येशूचं भाष्य आहे. हन्नासमोर चौकशी चालू असताना एक शिपाई त्याच्या थोबाडीत मारतो. येशू तिथे गाल पुढे करत नाही. हातही उचलत नाही. तो विचारतो, मी वाईट बोललो असेन तर तसं सिद्ध कर, नाहीतर मारलंस का? साधा, कायद्याचा प्रश्न. आमच्या बैठकीत हा उतारा वाचला तेव्हा तो हेल्पर पहिल्यांदाच पुढे सरकून बसला.

गालाच्या वाक्यानंतर थोडं पुढे येणारं एक वाक्य तर या जिल्ह्यासाठीच लिहिल्यासारखं आहे. कोणी एक कोस वेठीला धरून नेलं तर दोन कोस जा. रोमन शिपायाला वाटेतल्या कुणालाही पकडून आपलं ओझं वाहायला लावता येई. मराठी भाषांतरात त्याला बिनचूक ‘वेठ’ म्हटलं आहे. येशूचा क्रूस वाहायला कुरेनेच्या शिमोनाला धरलं तेही वेठीलाच. तलासरी-डहाणू-उंबरगावच्या वारल्यांना हा शब्द बायबलातून शिकावा लागला नाही. सावकाराच्या, जंगल ठेकेदाराच्या वेठीत त्यांच्या पिढ्या गेल्या होत्या. १९४५ च्या मे महिन्यात झरीला ते जमले आणि वेठ करणार नाही असं ठरलं. गोदावरी परुळेकरांचं ‘जेव्हा माणूस जागा होतो’ ज्यांनी वाचलं आहे त्यांना त्याची हकीकत माहीत आहे. ती चळवळ लाल बावट्याची होती, चर्चची नव्हती, आणि तिला ओढूनताणून ख्रिस्ती करण्याची माझी इच्छा नाही. पण आमच्यातल्या एका वयस्क बाईंनी बैठकीत विचारलं ते टिपणांत आलं आहे. वेठबिगारीत जन्मलेल्याला ‘दोन कोस जा’ सांगायचं, तर त्याने पहिला कोस आधी नाकारायला नको का? नाही म्हणण्याची ताकद ज्याच्याकडे नाही त्याचं दोन कोस चालणं ही त्याची मर्जी कशी?

इथे या विषयावरचे दोन मोठे आरोप नोंदवले पाहिजेत. नीत्शेने १८८७ मध्ये लिहिलं त्याचा सारांश असा की, सूड घेता येत नाही अशा दुबळ्यांनी आपल्या दुबळेपणालाच सद्गुणाचं नाव दिलं आणि बलवानांना पापी ठरवलं. ख्रिस्ती लेखक या आरोपाला उत्तरं देत आले आहेत आणि बहुतेक उत्तरं पुस्तकी आहेत. मला दुसरा आरोप जास्त टोचतो, कारण तो घरातला आहे. बाबासाहेब आंबेडकरांनी धर्मांतरित अस्पृश्यांच्या स्थितीवर लिहिताना म्हटलं आहे की, तुझं दुःख भोवतालच्या अन्यायातून आलं आहे असं शिकवण्याऐवजी ते तुझ्याच पापातून आलं आहे, असं मिशनऱ्यांनी त्याला शिकवलं. मग तो त्या अन्यायाविरुद्ध उभा राहील कशाला? नीत्शेचा आरोप सौम्यतेवर आहे. बाबासाहेबांचा आरोप सौम्यता कोणाला शिकवली आणि कोणाला नाही, यावर आहे. सावकाराला कोणी पापाचं प्रवचन दिलं का? या प्रश्नापुढे मान खाली घालणं हेच प्रामाणिकपणाचं आहे. पेत्राच्या पत्रातली दासांना धन्याच्या अधीन राहायला सांगणारी वचनं जगभरच्या मळेवाल्यांनी आणि गुलामांच्या मालकांनी किती आवडीने वाचून घेतली, हा इतिहासही काही लपलेला नाही.

तरीही याच महाराष्ट्रात एक बाई होऊन गेली जिच्यामुळे मी हा विषय सोडून देऊ शकलो नाही.

पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये वाँटेजला झाला. त्या वैद्यकी शिकायला गेल्या होत्या. कान अधू असल्याने ते दार बंद झालं. ऐकू कमी येतं, परका देश, आई-वडील दुष्काळात गेलेले, भाऊ गेला, नवरा गेला, पदरात लहान मनोरमा, आणि राहणं-जेवणं परक्यांच्याच आश्रयावर. दुबळेपणाची याहून पुरती यादी काय करायची? ज्या मठाने आसरा दिला त्या मठातल्या भगिनींची आणि बिशपांची अपेक्षा होती की रमाबाईंनी सांगितलेलं मानावं. चेल्टनहॅमला त्यांनी पुरुषांना संस्कृत शिकवण्याची गोष्ट निघाली तेव्हा बिशपांनी हरकत घेतली, हिंदुस्थानात ते बरं दिसणार नाही म्हणून. त्यावर रमाबाईंनी १८८५ मध्ये लिहिलेल्या पत्रांचा सूर असा : हिंदुस्थानातल्या पुरोहितांचं जू मोठ्या कष्टाने मानेवरून उतरवलं आहे, आता तसलंच दुसरं जू चढवून घेणार नाही. देवाची आज्ञा पाळणं निराळं आणि देवाच्या नावाने बोलणाऱ्या प्रत्येकाची आज्ञा पाळणं निराळं, हा भेद त्यांनी स्वच्छ करून ठेवला.

‘जू’ हाच शब्द त्यांनी निवडावा याचं मला फार अप्रूप वाटतं. कारण येशू ज्या एका ठिकाणी स्वतःला सौम्य म्हणवतो, मत्तयाच्या अकराव्या अध्यायात, तिथेच तो आपलं जू घ्यायला सांगतो. एक जू मानेवर आहे म्हणूनच दुसरं नाकारता येतं, हे रमाबाईंना पुस्तकाशिवाय कळलं होतं. पुढे १८९७ च्या प्लेगात पुण्याच्या सरकारी इस्पितळात बायकांचे हाल होत होते, तेव्हा ख्रिस्ती सरकार म्हणून त्या गप्प बसल्या नाहीत. जाहीर लिहिलं आणि मुंबई सरकारला ते चांगलंच झोंबलं. त्याच सुमारास दुष्काळी मुलखातून त्या शेकडो मुली उचलून आणत होत्या. ज्या मुलींना कोणी हात लावत नव्हतं त्यांना त्यांनी केडगावला अन्न दिलं, छापखाना चालवायला शिकवलं. हिब्रू आणि ग्रीक स्वतः शिकून त्यांनी बायबल सोप्या मराठीत आणलं, आणि त्याचे खिळे जुळवले ते या मुलींनी. १९२१ मध्ये मनोरमा गेली. एप्रिल १९२२ मध्ये, भाषांतराचं शेवटचं काम हातावेगळं करून, रमाबाई गेल्या. या बाईला सौम्य म्हणायचं का? पुण्याच्या सनातन्यांनी म्हटलं नसतं, वाँटेजच्या भगिनींनीही म्हटलं नसतं. केडगावच्या मुली काय म्हणाल्या असत्या, ते विचारायला हवं होतं.

सौम्यता आणि दुर्बलता या दोन निराळ्या गोष्टी आहेत, त्या एकाच टोपलीत टाकू नयेत. दुर्बलतेचा धडा पौलाकडून घ्यायचा. करिंथकरांना लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात तो सांगतो की त्याच्या देहात एक काटा आहे. तो काय होता यावर लोकांनी ग्रंथ लिहिले, डोळ्यांचा विकार म्हणाले, हिवताप म्हणाले. पौल सांगत नाही. तो काढून टाक म्हणून तीनदा विनवणी केली, आणि उत्तर मिळालं की काटा राहील, माझी कृपा तुला पुरेल, शक्ती दुर्बलतेतच पुरी होते. त्याने वापरलेला शब्द ‘अस्थेनिया’. डॉक्टर आजही स्नायूंच्या एका आजाराच्या नावात तो वापरतात. म्हणजे ही अलंकारिक दुर्बलता नव्हे, औषधाच्या चिठ्ठीवरची आहे. करिंथमध्ये त्याचे विरोधक म्हणत, पत्रांत वाघ आहे, समोर आला की काहीच नाही, बोलणंही ऐकवत नाही. बोलण्याबद्दलचं तरी पौल खोडून काढत नाही.

बोईसर स्टेशनबाहेर, नवापूर नाक्यावर, रिक्षांच्या पाठीवर चंगाई सभांची पत्रकं लागतात. लंगडे चालतील, कर्जं फिटतील, शत्रू पळतील. मी अशा सभांना गेलो आहे. तिथे येणाऱ्यांची मी टिंगल करणार नाही. ज्याला दवाखाना परवडत नाही तो आणखी कुठे जाईल? पण पौलाचं ते पान अशा पत्रकावर छापता येणार नाही. तीन प्रार्थना, चंगाई नाही, आणि तरी पत्र पुढे चालू. टिपणांतलं आठवं टिपण किडनीच्या आजाराने आठवड्यातून दोनदा डायलिसिसला जाणाऱ्या आमच्यातल्या एकाचं आहे. त्याने पौलाला फार सुनावलं आहे. आम्ही त्यातला शब्दही बदलला नाही.

आता थोडं आपल्या मातीतलं. सौम्यतेचा विषय निघाला की मराठी माणसाला तुकोबांचं लव्हाळं आठवतं. पुरात मोठी झाडं जातात, लव्हाळं वाकतं म्हणून राहतं. रेव्हरंड नारायण वामन टिळक तुकोबांच्या वाटेने ख्रिस्तापाशी आलो असं सांगत, आणि ख्रिस्ताला माउली म्हणत. त्यांचा बाप्तिस्मा १८९५ चा. त्या दिवसापासून लक्ष्मीबाईंनी काय काय सोसलं ते ‘स्मृतिचित्रे’त आहे, आणि त्या पुस्तकातला विनोद हीच मला मराठी ख्रिस्ती सौम्यतेची सगळ्यात खरी जात वाटते. पण लव्हाळ्याची उपमा क्रुसापाशी येऊन तुटते. लव्हाळं वाचतं. तो वाचला नाही. पूर ओसरेपर्यंत वाकून राहण्याची ती युक्ती असती तर पिलातासमोर दोन शब्द गोड बोलून काम झालं असतं. वसईचा गोन्सालो गार्सिया, जेझुइटांनी आपल्यात घेतला नाही म्हणून मनिलाला जाऊन फ्रान्सिस्कनांचा साधा बंधू झालेला, जपानी बोलता येतं म्हणून हिदेयोशीपुढे दुभाष्या म्हणून उभा राहिलेला, तोही वाकून वाचला नाही. ५ फेब्रुवारी १५९७ ला नागासाकीच्या टेकडीवर सव्वीस जणांना क्रुसावर चढवलं त्यात तो होता.

मग शक्ती कशाला म्हणायचं? प्रकटीकरणाच्या पाचव्या अध्यायात योहानाला सांगतात, यहूदाचा सिंह जिंकला आहे. तो वळून बघतो, तर तिथे कोकरू उभं आहे, तेही वधलेलं. ऐकला सिंह, दिसलं कोकरू. पुढे त्या ग्रंथात हा यहूदाचा सिंह परत येतच नाही. इंग्रजीत किंवा ग्रीकमध्ये हे समजवायला पानं लागतात. मराठीत एक शब्द पुरतो. बळी. बळी म्हणजे ज्याला कापतात तो, आणि बळी म्हणजे बलवानही. पाताळात दडपलेला राजाही बळीच, आणि दिवाळीच्या पाडव्याला आयाबाया अजून त्याचंच राज्य येवो म्हणतात. स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकलेल्या जोतीराव फुल्यांनी १८७३ च्या ‘गुलामगिरी’त येशूला बळीराजाच म्हटलं, तेव्हा त्यांनी कोणत्याही सेमिनरीपेक्षा चांगलं भाषांतर केलं, असं माझं मत आहे. धर्मगुरूंना ते आवडेल न आवडेल.

फादर फ्रान्सिस दिब्रिटोंना आवडलं असतं, असं वाटतं. ‘सुवार्ता’चे संपादक, ‘सुबोध बायबल’चे अनुवादक, आणि वसईची शेतं, विहिरी, वाड्या बिल्डरांच्या घशात जाऊ लागल्या तेव्हा हरित वसईच्या आंदोलनात उभे राहिलेले. त्या काळी वसईत जमिनीवरून बोलणं म्हणजे काय जोखीम होती हे आमच्या पिढीला ठाऊक आहे. त्यांचा आवाज चढलेला फारसा कुणी ऐकला नाही, आणि ते मागे सरलेलेही नाहीत. जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबादच्या त्र्याण्णवाव्या साहित्य संमेलनाला ख्रिस्ती धर्मगुरू अध्यक्ष म्हणून नको अशी ओरड झाली. ते गेले, आणि असहिष्णुतेविषयी जे बोलायचं ते बोलले. २५ जुलै २०२४ ला त्यांचं निधन झालं. सदतिसाव्या स्तोत्रातली जमीन आणि वसईच्या वाड्यांची जमीन त्यांच्या लेखी एकच होती. अखेर वसईत इमारती झाल्याच. स्तोत्राचं वचन तिथे खरं ठरलं का, या प्रश्नाला या पुस्तकात उत्तर नाही.

वाचकाला दोन-तीन गोष्टी सांगून थांबतो. टिपणं ज्या क्रमाने बैठका झाल्या त्याच क्रमाने ठेवली आहेत, त्यामुळे काही मुद्दे दोनदा येतात. बायबलातली वचनं आम्ही आपापल्या शब्दांत सांगितली आहेत. मूळ पाठ शेजारी ठेवून वाचावं. बोलणाऱ्यांची नावं काढली आहेत, कारण काहींच्या नोकऱ्या आहेत. हेल्पर पोराने पुढे काय केलं असं बरेच जण विचारतात. हजेरीच्या आकड्यांवरून त्याने ठेकेदाराला सगळ्यांसमोर, आवाज न चढवता, हिशोब मागितला. दुसऱ्या दिवसापासून त्याला गेटवर घेतलं नाही. आता तो वापीकडे काम करतो आणि सणाला फोन करतो.

शब्दांबद्दल आमच्यात शेवटपर्यंत एकमत झालं नाही. ‘सौम्य’ ठेवायचा की बदलायचा यावर एक अख्खी बैठक गेली. नम्र, लीन, सोशिक, सगळे सुचवून झाले, आणि प्रत्येकात काहीतरी कमी पडलं. ‘वतन’ बद्दल मात्र त्याच वयस्क बाई अडून बसल्या. त्यांच्या सासऱ्यांपासून कसत आलेल्या वनजमिनीचा दावा २००६ च्या कायद्याखाली घातलेला आहे आणि फाइल या टेबलावरून त्या टेबलावर फिरते आहे. त्या म्हणाल्या, “वतन-बितन तुम्हां शिकलेल्यांचं. आमच्यासाठी तिथे सातबारा लिहा.” कोणीतरी म्हणालं, “मावशी, पृथ्वीचा सातबारा?” त्या म्हणाल्या, “पृथ्वीचा नको. सर्व्हे नंबर मी सांगते, लिहून घे.”

तो नंबर आम्ही टिपणात छापलेला नाही. वहीत आहे.